बेथेल आणि कपाशीचे फूल

जालन्याजवळच्या बेथेलचे नाव एकोणिसाव्या शतकातले आहे. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती कुटुंबांसाठी ही वस्ती वसवली. बेथेल म्हणजे देवाचे घर. बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात भावाच्या भीतीने पळालेला याकोब दिवस मावळला म्हणून वाटेतच धोंडा उशाला घेऊन झोपतो आणि जागा झाल्यावर कबूल करतो की परमेश्वर इथेच होता, मलाच कळले नाही. धोंडा आणि उजाड माळ दोन्ही आधीपासून तिथेच होते. रोजच्या जगण्यात देवाचे सौंदर्य पाहण्याच्या ख्रिस्ती परंपरेचे मूळ या कबुलीत आहे.

येशूने तिला आज्ञेचे रूप दिले. रानातील भूकमळे कशी वाढतात याचा विचार करा, असे तो मत्तयाच्या शुभवर्तमानात (६:२८) सांगतो. तिथल्या ग्रीक क्रियापदात नुसती नजर टाकणे नाही, बारकाईने पाहून शिकणे आहे. आणि हे ऐकणारे लोक निवांत नव्हते; खायचे काय, नेसायचे काय या काळजीत होते. ‘ती सूत कातत नाहीत’ हे शब्द कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्याला जास्त जवळचे. कपाशीचे फूल उमलते तेव्हा फिकट पिवळसर असते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, मग गळते आणि मागे बोंड धरते. त्याच अध्यायाच्या तिसाव्या ओवीत येशू उद्या भट्टीत जाणाऱ्या गवताबद्दल बोलतो. त्याच्या मुलखात वाळले गवत जळणाला लागे; आपल्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या चुलीत जातात. जळणात जाणाऱ्या काडीलाही देव आधी असे नेसवतो, हे पाहायला घरापासून लांब जावे लागत नाही.

पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती संत ऑगस्टीनने लिहिले की त्याने पृथ्वीला, समुद्राला, वाऱ्याला देवाबद्दल विचारले. त्यांचे सौंदर्य हेच त्यांचे उत्तर होते. असिसीच्या फ्रान्सिसने सूर्य, पाणी आणि अग्नी यांना भाऊबहीण म्हणणारे स्तुतिगीत १२२५च्या सुमारास रचले. तेव्हा डोळ्यांच्या आजाराने त्याला जवळपास दिसत नव्हते. सौंदर्य पाहणे डोळ्यांच्या पलीकडचे आहे, याला याहून मोठा पुरावा नको.

असे पाहण्याची रोजची शिस्त घालून दिली ती येशूसंघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसने. १५४८ मध्ये छापलेल्या त्याच्या साधनापुस्तकात दिवसाच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत: उपकारस्तुती, पाहण्यासाठी कृपा मागणे, दिवस तासातासाने आठवणे, क्षमा मागणे, उद्याचा निश्चय. रात्री निजण्यापूर्वी पंधरा मिनिटे पुरतात. बिघडते ते बहुधा पहिल्याच पायरीवर. ती गाळली की उरतात फक्त चुका, आणि आठवड्याभरात माणूस कंटाळतो. ‘सगळ्याबद्दल आभार’ असे घाऊक म्हटले तरीही काही दिसत नाही. एकच गोष्ट नेमकी धरावी: तव्यावर फुगलेली भाकरी, पहिल्या पावसात काळ्या रानाचा वास, दुपारी कोणी भरून दिलेला पाण्याचा तांब्या. दुसरा धोका उलट दिशेचा आहे. बायबलमधले रोमकरांस पत्र (१:२५) निर्मात्याऐवजी निर्मितीलाच पुजण्याबद्दल बजावते. म्हणून आठवलेली वस्तू देणाऱ्याशी बोलण्यात संपली पाहिजे.

मराठीत हे बोलणे आपल्या चालीत आणले रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). फुलामुलांचे कवी म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. ख्रिस्तभक्तीसाठी त्यांनी अभंग जवळ केला, आणि इथल्या मंडळ्यांत उपासनेला टाळ-मृदंग परका राहिला नाही.

दुष्काळी मुलखात मात्र एक प्रश्न टाळता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर. अशा वर्षी ‘सृष्टी किती सुंदर’ म्हणणे खोटे वाटते, आणि पवित्र शास्त्रही तसे म्हणायला भाग पाडत नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे उपकारस्तुतीच्या स्तोत्रांहून जास्त आहेत. ६३वे स्तोत्र तर रुक्ष, निर्जल भूमीतूनच देवाला हाक मारते. त्या रात्रीच्या परीक्षणात आधी कोरडी विहीर सांगावी, मग टँकरच्या रांगेत आपला नंबर दुसऱ्याला देणारी शेजारीण आठवावी.