कापल्यावर रक्त हळदीनं थांबतं की प्लेटलेटनं?
"जखमेवर हळद नाहीतर चहापूड दाबा, त्यानंच रक्त थांबतं" हा मेसेज आपल्या कोल्हापुरात घरोघरी फिरतोय. विळीवर बोट कापलं की आज्जी पहिल्यांदा हळदीचा डबाच काढायची आणि रक्त खरंच थांबायचं, मग विश्वास बसणारच की.

पण आत काय होतं बघा. रक्तवाहिनी कापल्याबरोबर स्वतःच आकसते, म्हणजे बाहेर येणारं रक्त कमी होतं. तिच्या आतलं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन उघडं पडतं, त्याला प्लेटलेट म्हणजे रक्तातल्या अगदी बारीक पेशी चिकटतात, चिकटल्या की त्यांचा आकार बदलतो आणि त्या अशी रसायनं सोडतात की आणखी प्लेटलेट तिथं ओढल्या जातात, वाहिनी अजून आकसते. मग फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी त्यावर बसते आणि गुठळी पक्की होते. एका मायक्रोलिटर (लिटरचा दहा लाखावा भाग) रक्तात साधारण 1.5 ते 4.5 लाख प्लेटलेट असतात, आपल्या आपण कामाला लागणाऱ्या.

हळद लावताना आपण बोट दाबून धरतो ना, खरी मदत त्या दाबण्याची.

खात्री करायची तर लॅबमध्ये बघा, बोटाला सुई टोचल्यावर नुसता कोरडा कापूस दाबायला देतात, थोड्या वेळात रक्त बंद. घरी कापलं तर जखम पाण्यानं धुवून स्वच्छ कापड 10 मिनिटं दाबून धरा, मधेच उचलून बघू नका, गुठळी सुटते. उसाच्या कोयत्याचा खोल घाव असेल, रक्त उडत असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर दाबून धरूनच लगेच दवाखाना गाठा.