गाजलेली चित्रे, नवे चेहरे: छायाचित्रांतील पुनर्रचनेची पार्श्वभूमी

एखादे सर्वपरिचित चित्र घ्यायचे, त्यातील मांडणी, प्रकाश, वेशभूषा आणि बसण्या-उभे राहण्याची ढब हुबेहूब उभी करायची, आणि मूळ चित्रकाराने ज्यांना तिथे कधीच बसवले नसते अशा माणसांना त्या जागी बसवून छायाचित्र काढायचे, ही पद्धत गेल्या चार दशकांत जगभरच्या कलादालनांत रुजली आहे. वंश, जात, लिंग, अपंगत्व, स्थलांतर अशा प्रश्नांवर काम करणाऱ्या छायाचित्रकारांना ती जवळची वाटते, कारण मूळ चित्र प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असते आणि त्यातला बदल त्याच्या नजरेत तत्काळ भरतो. आपल्याकडेही, विशेषतः राजा रविवर्मा यांच्या चित्रांवरून, असे प्रयोग होऊ लागले आहेत. या पद्धतीचे काही धागे थेट नाशिक आणि त्र्यंबकेश्वरातून गेलेले असल्याने तिचा इतिहास नाशिककरांनी तरी नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

कॅमेऱ्याने चित्रकलेचे अनुकरण करणे ही गोष्ट जवळजवळ कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. १८५७ साली ऑस्कर रेलँडर यांनी इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' हे भव्य छायाचित्र तयार केले, त्याची रचना राफाएलच्या 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्राच्या धर्तीवर होती. पुढच्या दशकात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांनी इटालियन धार्मिक चित्रांच्या वळणाची छायाचित्रे काढली आणि त्यांत स्वतःच्या घरातील मोलकरीण मेरी हिलियर हिला येशूच्या मातेच्या जागी बसवले. छायाचित्रणाला कलेचा दर्जा मिळावा, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. तरीही मोलकरीण मॅडोना झाली, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही.

भारतात मात्र त्याच काळात कॅमेरा वेगळ्या कामाला जुंपला गेला होता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे एतद्देशीय सदस्य तिच्यात होते. परंतु मुंबईतील विल्यम जॉन्सन यांनी १८६३ ते १८६६ या काळात मुंबईच्या जातीजमातींवर जे छायाचित्रांचे खंड काढले, त्यांत माणसांना एका ठिकाणी उभे करून टिपायचे आणि मग ती आकृती दुसऱ्याच दृश्यावर चिकटवायची, असा प्रकार होता. पाठोपाठ १८६८ ते १८७५ दरम्यान 'द पीपल ऑफ इंडिया' या सरकारी मालिकेचे आठ खंड निघाले. या संग्रहांत माणूस प्रामुख्याने जातीचा किंवा जमातीचा नमुना म्हणून आला. त्याने कुठे उभे राहायचे, काय नेसायचे, हातात काय धरायचे आणि त्याच्याखाली कोणते नाव छापायचे, हे ठरवणारा दुसराच कोणीतरी होता. पुढे पुनर्रचना करणाऱ्या कलावंतांनी ज्या सत्तेला हात घातला ती हीच, आणि म्हणून या खंडांचा उल्लेख टाळून पुढे जाता येत नाही.

रविवर्मा (१८४८–१९०६) यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या रंगीत छापांनी लक्ष्मी, सरस्वती, राम-सीता, दमयंती, शकुंतला यांचे चेहरे घरोघरी कायमचे ठरवून टाकले. ज्यांना देवळाचा उंबरा ओलांडू दिला जात नव्हता, त्यांच्या भिंतीवरही छापील देव पोचू शकला, ही त्या छापखान्याची फार मोठी कामगिरी मानावी लागते. नाशिकमध्ये तिचा अर्थ अधिक ठळकपणे कळतो. काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी इथेच सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला आणि तरीही दरवाजे उघडले गेले नाहीत. पण भिंतीवर आलेल्या त्या देवदेवतांचा वर्ण, बांधा, दागिने हे सारे उच्चवर्णीय, सुखवस्तू घरांतील होते. १८८९ च्या सुमारास रविवर्मा यांनी रंगवलेल्या 'गॅलेक्सी ऑफ म्युझिशियन्स' या चित्रात निरनिराळ्या प्रांतांतील आणि समाजांतील ११ स्त्रिया एकत्र बसल्या आहेत. भारताच्या विविधतेचे चित्र म्हणून ते नेहमी दाखवले जाते, आणि त्याच चित्रात आदिवासी किंवा शेतात राबणारी बाई दिसत नाही.

इथे दादासाहेब फाळके येतात. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्याला त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय केला आणि रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही काम केले. चित्रपटाकडे ते वळले तेव्हा ही सगळी तालीम त्यांच्या हातात होती. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या सुरुवातीला राजा, राणी तारामती आणि राजपुत्र रोहिदास ज्या तऱ्हेने मांडलेले दिसतात, ती मांडणी रविवर्मा यांच्या चित्रपरंपरेतून आलेली आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. चित्र जिवंत माणसांकडून उभे करून कॅमेऱ्याने टिपायचे, हे फाळके त्या वेळी करतच होते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्या चित्रपटातील तारामती. कॅमेऱ्यासमोर यायला एकही स्त्री तयार होईना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना फाळक्यांनी राणी केले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळके नाशिकला आले आणि त्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, या पडद्यावर आल्या. त्या काळी हा निर्णय स्त्रीला सोपा नव्हता, त्यासाठी प्रतिष्ठा पणाला लावावी लागत होती. राणीच्या जागी कोण बसू शकते, हा प्रश्न फाळक्यांपुढे व्यवहारातली अडचण म्हणून उभा राहिला. नंतरच्या कलावंतांनी तोच प्रश्न जाणूनबुजून विचारला.

युरोप-अमेरिकेत आणि जपानात तो विचारण्याची सुरुवात १९८० च्या दशकात झाली. ओसाकाचे यासुमासा मोरिमुरा यांनी १९८५ मध्ये व्हॅन गॉगच्या आत्मचित्रात स्वतःला बसवले आणि १९८८ मध्ये एदुआर माने यांच्या 'ऑलिंपिया'ची (१८६३) पुनर्रचना केली. मूळ चित्रात पलंगावर पहुडलेली गोरी स्त्री आहे आणि तिच्यामागे फुलांचा गुच्छ घेऊन उभी असलेली कृष्णवर्णीय दासी आहे. मोरिमुरा दोन्ही भूमिकांत स्वतःच आहेत. मानेच्या काळ्या मांजराच्या जागी त्यांनी जपानी दुकानांत दिसणारी, पंजा उंचावलेली शुभ मांजर ठेवली. पुरुष आणि स्त्री, पूर्व आणि पश्चिम, मालकीण आणि दासी हे सगळे एकाच देहात आल्यावर मूळ चित्राचा तोरा टिकत नाही. अमेरिकेच्या सिंडी शर्मन यांनी १९८८ ते १९९० दरम्यान जुन्या युरोपीय व्यक्तिचित्रांवरून अशीच मालिका केली. तिच्यात कृत्रिम नाके आणि खोटी छाती त्यांनी प्रेक्षकाला मुद्दाम ओळखू येतील अशी लावली. रनी कॉक्स यांच्या १९९६ च्या 'लास्ट सपर'मध्ये, म्हणजे येशूच्या शिष्यांसोबतच्या शेवटच्या भोजनाच्या दृश्यात, येशूच्या जागी त्या स्वतः, एक कृष्णवर्णीय स्त्री, उभ्या राहिल्या. २००१ मध्ये ते छायाचित्र ब्रुकलिन म्युझियममध्ये लागताच न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्यावर जाहीर टीका केली. मॉस्कोत काम करणारे रऊफ मामेदोव्ह यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींना घेऊन तेच भोजन मांडले.

या सर्वांत मला सर्वांत सच्चे वाटते ते टॉम हंटर यांचे १९९७ चे छायाचित्र. लंडनच्या हॅकनी भागात रिकाम्या घरांत परवानगीविना राहणाऱ्या लोकांना घरे सोडण्याच्या नोटिसा आल्या होत्या, आणि त्या नोटिसांवर राहणाऱ्यांची नावे नव्हती, 'अज्ञात व्यक्ती' एवढेच लिहिलेले होते. हंटर स्वतः त्याच वस्तीत राहत होते. त्यांनी डच चित्रकार व्हर्मीरच्या, खिडकीशी उभे राहून पत्र वाचणाऱ्या मुलीच्या चित्राची मांडणी घेतली. डावीकडे खिडकी, तिच्यातून येणारा मऊ प्रकाश, एका बाजूने दिसणारा खाली झुकलेला चेहरा, सगळे तसेच आहे. फक्त हातातला कागद प्रेमपत्राऐवजी जागा खाली करण्याचा आदेश आहे, आणि मूळ चित्रात जिथे फळांचे तबक आहे तिथे तान्हे मूल पहुडले आहे. वर्तमानपत्रांतून या वस्तीची जी बकाल छायाचित्रे येत, त्यांना हे उत्तर होते. व्हर्मीरने आपल्या शेजारच्या साध्या माणसांना जो आदर दिला, तोच हंटर यांनी आपल्या शेजाऱ्यांना दिला. शेजारी असल्यामुळेच त्यांना तो देता आला, असे मी मानतो.

भारतात या पद्धतीला सर्वाधिक खोली दिली ती बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी. मुळात शिल्पकार असलेल्या पुष्पमाला यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' ही मालिका केली. तिच्यात त्या रविवर्मा यांची चांदण्यातली स्त्री होतात, लक्ष्मी होतात, विजापुरी लघुचित्रातली योगिनी होतात. त्याच मालिकेत त्या चौकटींच्या पडद्यासमोर मोजमापासाठी उभ्या केलेल्या आदिवासी स्त्रीच्या जागीही उभ्या राहतात. वसाहतकाळातील मानववंशशास्त्रीय छायाचित्र आणि दिवाणखान्यातील लक्ष्मी ही दोन्ही एकाच शरीरावर चढवून पाहिल्यावर लक्षात येते, की देवी आणि नमुना या दोन्ही साच्यांत बाईला दुसऱ्याने बसवलेले आहे. पडदे रंगवणे, वेश चढवणे, दिवे लावणे या तयारीची छायाचित्रेही मालिकेचा भाग आहेत. हा निर्णय फार महत्त्वाचा आहे, कारण साचा कसा बनतो हे प्रेक्षकाला तयारीतूनच दिसते. दिल्लीत विवान सुंदरम यांनी त्याच सुमारास अमृता शेरगिल यांची चित्रे आणि त्यांच्या वडिलांनी काढलेली कौटुंबिक छायाचित्रे संगणकावर एकत्र गुंफली, तो प्रवास आणखी वेगळा आहे.

सेनेगलचे ओमर व्हिक्टर दियोप यांच्या २०१४ च्या 'डायस्पोरा' मालिकेकडे मराठी वाचकाने आवर्जून पाहावे. आफ्रिकेबाहेर कर्तृत्व गाजवलेल्या आफ्रिकी व्यक्तींच्या जुन्या चित्रांवरून दियोप यांनी स्वतःला त्या वेशात उभे केले आणि हातमोजे, शिट्टी, चेंडू अशा फुटबॉलच्या वस्तू जवळ ठेवल्या, कारण युरोपात आफ्रिकी खेळाडूंच्या वाट्याला जयजयकार आणि वर्णद्वेष एकाच वेळी येतो. या व्यक्तींमध्ये मलिक अंबर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला, निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला आणि खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवणारा हा हबशी वजीर १६२६ मध्ये वारला. जहांगीराच्या दरबारी चित्रकार अबुल हसनने साधारण १६१६ मध्ये बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून मलिक अंबरच्या भाल्यावर टोचलेल्या मस्तकावर बाण सोडत आहे, असे चित्र काढले. प्रत्यक्षात बादशहाला त्याचा पाडाव कधीच करता आला नाही. दियोप यांच्या छायाचित्रात मात्र मलिक अंबर ताठ उभा आहे.

आफ्रिकेशी नाशिकचा संबंध इथे संपत नाही. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना मिशनरी शरणपूरला आणत, शिकवत आणि कारागिरी देत. आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या मोहिमांत 'नासिक बॉइज' म्हणून नोंदले गेलेले तरुण इथलेच होते. त्यांतला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत त्याने शवपेटीला हात दिला. शवपेटीशेजारचे त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांनी ते पाहिले आहे? पुनर्रचनेसाठी विषय शोधणाऱ्या नाशिकच्या छायाचित्रकाराला याहून जवळचा आणि याहून न्याय्य विषय सापडणार नाही.

गेल्या काही वर्षांत हा प्रकार सर्वदूर पसरला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागल्यावर लॉस एंजलिसच्या गेटी संग्रहालयाने घरातल्या वस्तू वापरून चित्रे उभी करण्याचे आवाहन केले आणि ब्रिटिश गायक पीटर ब्रॅथवेट यांनी त्यातून कृष्णवर्णीयांच्या विस्मरणात गेलेल्या शंभरहून अधिक चित्रांचा माग काढला. त्याच वर्षी चेन्नईत एका दिनदर्शिकेसाठी दाक्षिणात्य अभिनेत्रींना घेऊन रविवर्मा यांची चित्रे साकारली गेली. तांत्रिक कौशल्यात ती छायाचित्रे अव्वल आहेत, पण जुन्या साच्यात प्रसिद्ध आणि सुंदर चेहरे बसवल्याने तो साचा अधिक पक्का होतो, असे माझे मत आहे. त्याआधी, २०१७ च्या अखेरीस, चेन्नईतल्याच 'डार्क इज डिव्हाइन' या उपक्रमाने सावळ्या मुलामुलींना लक्ष्मी, सरस्वती, सीता, बाळकृष्ण म्हणून उभे केले. त्यांचे साधन तेच होते, पण त्यातून गोऱ्या रंगाच्या हव्यासाला थेट धक्का बसला. पंचवटीत काळ्या पाषाणाच्या रामापुढे रोज हात जोडणाऱ्या शहराला त्यात काही विपरीत वाटण्याचे कारण नव्हते.

कायद्याची बाजू फारशी गुंतागुंतीची नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरील हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, त्यामुळे रविवर्मा यांची चित्रे केव्हाच मुक्त झाली आहेत, तर हुसेन यांची अजून झालेली नाहीत. खरा प्रश्न समोर बसणाऱ्या माणसाच्या हक्काचा आहे. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने २०१९ मध्ये कृष्णवर्णीय मॉडेलांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा 'ऑलिंपिया'तल्या दासीसाठी बसलेल्या लॉर हिचे नाव ठळकपणे पुढे आणले, आणि मारी-गिएमिन बनुआ यांचे १८०० सालचे जे चित्र दोन शतके केवळ वर्णावरून ओळखले जात होते त्याला 'मॅडलेनचे चित्र' असे नाव दिले. नाशिकमध्ये असे काही काम उभे राहील तेव्हा प्रत्येक छायाचित्राखाली बसणाऱ्या व्यक्तीचे नाव तिला हवे तसे असावे, मूळ चित्र आणि त्याचा काळ असावा, आणि मांडणीत काय बदलायचे हे कोणी ठरवले याचीही नोंद असावी.