पायथॉनमधील बगचा मागोवा आणि दुरुस्ती

पायथॉन ही मुक्तस्रोत प्रोग्रामिंग भाषा खिडो फान रॉसम यांनी ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती बाहेर पडली. भाषेची मूळ आणि सर्वाधिक वापरली जाणारी अंमलबजावणी सी भाषेत लिहिलेली आहे, तिला सीपायथॉन म्हणतात. तिच्यातले बग नोंदवणे, ते खरे की खोटे हे पारखणे, दुरुस्त करणे आणि दुरुस्ती योग्य त्या आवृत्त्यांपर्यंत नेणे, या कामाविषयी ही नोंद आहे.

एखाद्या ॲपमधला बग आणि भाषेतला बग यांत मोठा फरक आहे. ॲप दुरुस्त केले की वापरणारा खूश होतो. भाषा दुरुस्त केली की तिच्या चुकीच्याच भरवशावर चाललेले कुणाचे तरी प्रोग्राम मोडतात. त्यामुळे सीपायथॉनमध्ये कोड बदलायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ 'हा बग आहे की ठरवून ठेवलेली वागणूक' हे ठरवण्यात जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळकाढूपणा वाटतो, आणि कधीकधी तो असतोही.

नोंदवहीची स्थलांतरे

२००० मध्ये पायथॉनचा कोड आणि बगची नोंदवही, दोन्ही सोर्सफोर्ज या प्रकल्प ठेवायच्या संकेतस्थळावर गेली. तिथला कारभार गैरसोयीचा ठरू लागल्यावर २००७ मध्ये राउंडअप या स्वतः पायथॉनमध्ये लिहिलेल्या प्रणालीवर वेगळा ट्रॅकर उभा राहिला. बगच्या क्रमांकाआधी दिसणारी 'बीपीओ' ही अक्षरे या ट्रॅकरच्या bugs.python.org या पत्त्यावरून आली. या स्थलांतराची एक गंमत आकड्यांत उरली आहे. सोर्सफोर्जवरच्या नोंदी आपले सात आकडी क्रमांक घेऊन आल्या, तर नव्या ट्रॅकरची मोजणी १००० पासून सुरू झाली. त्यामुळे १६९३०५० हा बग १०४४ पेक्षा जुना आहे. नवख्याला हे कुणी सांगितले नाही तर तो क्रमांकावरून काळ ओळखू पाहतो आणि फसतो.

कोड फेब्रुवारी २०१७ मध्ये गिटहबवर आला, पण बग मात्र पाच वर्षे जुन्याच घरी राहिले. मारियाटा विजया यांनी नोंदवहीही गिटहबवर न्यावी असा प्रस्ताव मांडला. तो पेप ५८१ म्हणून ओळखला जातो आणि २०१९ मध्ये मान्य झाला. 'पेप' म्हणजे भाषेतल्या मोठ्या बदलांसाठी लिहायचे औपचारिक प्रस्तावपत्र. प्रत्यक्ष हलवाहलव एप्रिल २०२२ मध्ये झाली. सगळ्यांना ती रुचली नव्हती: एका खासगी कंपनीच्या सेवेवर मुक्तस्रोत प्रकल्पाची स्मरणशक्ती ठेवावी का, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जुना ट्रॅकर फक्त वाचण्यासाठी शाबूत ठेवला आहे, आणि सीपायथॉनच्या कोडमधल्या टिपा समजून घेताना अजूनही तिथे जावे लागते.

नोंद ते दुरुस्ती

चांगल्या नोंदीत तीन गोष्टी लागतात: पायथॉनची नेमकी आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम, बग दाखवणारा शक्य तितका छोटा कोड, आणि काय व्हायला हवे होते विरुद्ध काय झाले. यातला छोटा कोड सर्वांत मोलाचा. दोन हजार ओळींच्या प्रोग्राममध्ये 'काहीतरी बिघडतेय' अशी नोंद आली की ती महिनोन् महिने पडून राहते. तोच प्रकार सहा ओळींत दाखवला तर अनोळखी माणूसही तासाभरात तो आपल्या मशीनवर करून पाहतो.

मग छाननी, म्हणजे तिथल्या बोलीत ट्रायाज. बग आहे, नवे वैशिष्ट्य मागितले आहे, कोड चालवणारा इंटरप्रिटर क्रॅश होतो आहे की सुरक्षेचा प्रश्न आहे, यानुसार लेबल लागतात. हे काम करणाऱ्यांना कोड मर्ज करायचा, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळायचा, अधिकार असायलाच हवा असे नाही. लेबल लावण्यापुरती मुभा असलेला वेगळा ट्रायाज गट आहे, आणि प्रकल्पात पाय रोवण्याची ती एक रूढ वाट आहे.

छाननीत ठरावीक पाहुणे पुन्हा पुन्हा येतात. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते ही तक्रार त्यातली सर्वांत जुनी. २.६७५ हा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केल्यावर २.६८ ऐवजी २.६७ येतो, ही तिची सख्खी बहीण. दोन्ही बग नाहीत. हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके मावत नाहीत, आणि २.६७५ म्हणून जे साठवले जाते ते प्रत्यक्षात २.६७५ हून किंचित कमी असते. पायथॉनच्या दस्तऐवजांत यावर स्वतंत्र प्रकरण आहे, तरी नोंदी थांबत नाहीत.

बग खरा निघाला की दुरुस्ती पुल रिक्वेस्ट म्हणून, म्हणजे 'हा बदल मूळ कोडमध्ये घ्या' अशा विनंतीच्या रूपात येते. तिच्यासोबत चाचणी हवी, आणि ती चाचणी दुरुस्तीशिवाय नापास व्हायला हवी, नाहीतर तिने काहीच सिद्ध होत नाही. बदलाची एका-दोन वाक्यांची बातमी 'ब्लर्ब' नावाच्या साधनाने वेगळ्या छोट्या फाइलमध्ये लिहायची असते. पूर्वी सगळ्या बातम्या एकाच फाइलमध्ये जात, आणि दोघांनी एकाच वेळी तिला हात लावला की मर्ज करताना भांडण ठरलेले. मर्जचा अधिकार असलेल्या कोअर डेव्हलपरने रिव्ह्यू करून होकार दिला की बदल मुख्य शाखेत जातो. पुढे बिल्डबॉट म्हणून ओळखली जाणारी निरनिराळ्या सिस्टिमची यंत्रे चाचण्यांचा संच चालवतात. लॅपटॉपवर हिरवे दिसलेले तिथे लाल झाले तर मर्ज केलेला बदल मागे घ्यायचीही तयारी ठेवावी लागते.

मुख्य शाखेतली दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांत नेण्याला बॅकपोर्ट म्हणतात. योग्य लेबल लावले की 'मिस इस्लिंग्टन' नावाचा बॉट हे आपोआप करून पाहतो. भाषेचे नाव मॉन्टी पायथॉन या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून आलेले, तसेच हे बॉटचे नाव त्यांच्या चित्रपटातल्या चेटकिणीचे. कोणती दुरुस्ती किती मागे न्यायची याचे वेळापत्रक आहे. ३.९ पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती निघते आणि तिला पाच वर्षे आधार मिळतो. ३.१३ पासून पहिली दोन वर्षे साधे बग दुरुस्त होतात, उरलेली तीन वर्षे फक्त सुरक्षेचे.

हे बहुतेक काम स्वयंसेवकांचे. २०२१ मध्ये पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनने लुकाश लांगा यांना पहिले 'निवासी डेव्हलपर' म्हणून पगारावर नेमले. तुंबलेले रिव्ह्यू मोकळे करणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. नवे काही लिहायला माणसे मिळतात, दुसऱ्याचा पॅच वाचायला मिळत नाहीत, हे दुखणे पायथॉनपुरते नाही.

मध्यरात्रीचा बग

'बग की वागणूक' या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण १३९३६ क्रमांकाचे आहे. पायथॉनमध्ये शून्य, रिकामी यादी, रिकामी अक्षरमाला (म्हणजे रिकामा मजकूर) या गोष्टी अटीत 'खोट्या' धरल्या जातात. ३.५ पूर्वी यात दिवसातली एक वेळही होती: मध्यरात्र. वेळ दिली आहे की नाही एवढेच तपासणारा साधा कोड बाकी दिवसभर बरोबर चाले आणि नेमके बारा वाजता 'वेळ दिलेलीच नाही' असे म्हणे.

त्यातही वेळेसोबत टाइमझोन जोडलेला असेल तर खोटी ठरणारी वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजली जाई. म्हणजे भारतीय प्रमाणवेळ लावलेल्या कोडमध्ये मध्यरात्र खरी आणि पहाटेचे साडेपाच खोटे! पुण्यात कुणी साडेपाचचा गजर लावणारा प्रोग्राम लिहिला असता तर तो सव्वापाचला वाजला असता, पावणेसहाला वाजला असता, आणि साडेपाचला गजर लावलाच नाही असे समजून गप्प बसला असता. असा बग चाचणीत सापडत नाही, कारण चाचणीत साडेपाच ही वेळ कुणाला सुचणार?

२०१२ मध्ये ही नोंद आली तेव्हा उत्तर मिळाले की दस्तऐवजात हेच लिहिले आहे, म्हणून हा बग नाही. उत्तर शब्दशः बरोबर होते. २०१४ मध्ये वाद पुन्हा पेटला आणि अखेर ही वागणूक काढून टाकायचे ठरले. बदल सप्टेंबर २०१५ च्या ३.५ मध्ये आला. आता दस्तऐवजच त्या जुन्या वागणुकीला दुर्बोध आणि चुकांना आमंत्रण देणारी म्हणतो, आणि बगचा क्रमांकही तिथे दिला आहे.

सुरक्षेचे बग

सुरक्षेचा बग उघड नोंदवहीत लिहायचा नसतो. तो आधी एका छोट्या प्रतिसाद गटाला खासगीत कळवतात आणि दुरुस्ती तयार झाल्यावर जाहीर करतात. चालू आवृत्तीची वागणूक मध्येच बदलायची नाही हा एरवीचा नियम इथे वाकवला जातो. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीत असेच झाले. फार लांब दशमान आकड्याचे अक्षरांतून संख्येत रूपांतर करायला लागणारा वेळ आकड्याच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून कुणीही लांबलचक आकडा पाठवून सर्व्हर अडवू शकतो. उपाय म्हणून ४,३०० अंकांची मर्यादा घातली गेली. मोठ्या संख्यांवर गणित करणारे चिडले, कारण त्यांचा काल चालणारा कोड आज बंद पडला. मर्यादा हवी तशी बदलता येते, पण ती आधी माहीत असायला हवी.

याउलट टार फाइलींचा, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यांचा बग. अशा गठ्ठ्यातल्या फाइलच्या नावात 'वरच्या फोल्डरमध्ये जा' अशा खुणा पेरल्या की उघडताना ती भलत्याच ठिकाणी जाऊन बसते, आणि तिथली मूळ फाइल पुसली जाऊ शकते. २००७ मध्ये १०४४ क्रमांकाने हे नोंदवले गेले. तेव्हा दस्तऐवजात 'अनोळखी गठ्ठे न तपासता उघडू नका' असा इशारा घालून विषय संपवला. टार फाइलींचे स्वरूपच असे आहे, हा युक्तिवाद चुकीचा नव्हता, पण इशारे कोण वाचतो! २०२२ मध्ये सुरक्षा संशोधकांनी हाच बग असंख्य प्रकल्पांत पसरल्याचे दाखवले. मग पेप ७०६ नुसार ३.१२ मध्ये गाळणीची सोय आली, जुन्या आवृत्त्यांतही नेली गेली, आणि २०२५ च्या ३.१४ पासून सुरक्षित गाळणी आपोआप लागू झाली. त्याच वर्षी त्या गाळणीलाही भोक सापडले आणि तेही बुजवावे लागले.

देवनागरीचा अडकलेला बग

वर ज्याचा क्रमांक आला तो १६९३०५० मराठी वाचकाच्या घरचा आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या खूणभाषेत, 'शब्दातले अक्षर' यासाठी बॅकस्लॅश-डब्ल्यू ही खूण वापरतात. देवनागरी मजकुरात तिने शब्द शोधले तर त्यांचे तुकडे पडतात, अशी ही २००७ मधली नोंद. कारण काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त ही युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरे संगणकात मांडण्याच्या प्रमाणात) 'अक्षरे' नसून 'चिन्हे' आहेत, आणि ही खूण चिन्हांना शब्दाचा भाग मानत नाही.

'नगर' शोधले तर नगर सापडते. 'पुणे' शोधले तर 'प' आणि 'ण' असे दोन शब्द हाती येतात. 'मराठी' चे 'मर' आणि 'ठ' होतात. हा शब्द फक्त अक्षरांचा आहे का असे अक्षरमालेलाच विचारले तर 'नगर' ला होय आणि 'मराठी' ला नाही असे उत्तर मिळते. गंमत अशी की 'मराठी' हे व्हेरिएबलचे नाव म्हणून त्याच पायथॉनला पूर्ण चालते, कारण नावांचे नियम युनिकोडच्या वेगळ्या गुणधर्मावर बेतलेले आहेत आणि त्यांत काना-वेलांट्यांना जागा आहे. अक्षरमालेत देवनागरीत लिहिलेला १२३ देखील पायथॉन बिनतक्रार संख्येत बदलून देतो.

युनिकोडची रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीची शिफारस चिन्हांना शब्दात धरायला सांगते. तरीही ३.१३ पर्यंत वागणूक तीच आहे. मध्यरात्रीच्या बगला धक्का द्यायला इंग्रजीत काम करणारे पुष्कळ जण होते, कारण तो त्यांनाही चावत होता. हा चावतो फक्त भारतीय आणि तशाच मांडणीच्या इतर लिप्यांत लिहिणाऱ्यांना.

मराठी मजकुरावर काम करणारे बाहेरून 'रेजेक्स' हे वेगळे पॅकेज घेतात, त्यात हीच खूण काना-मात्रांसकट शब्द पकडते. दुसरा प्रचलित उपाय म्हणजे खुणेऐवजी देवनागरीचा पूर्ण युनिकोड पट्टा देणे. त्या पट्ट्यात एकेरी आणि दुहेरी दंडही बसतात, त्यामुळे ओव्या-अभंगांचा मजकूर असेल तर चरणाच्या शेवटच्या शब्दाला दंड चिकटून येतो आणि तो वेगळा छाटावा लागतो.