कोठीघर गेलं, साठवण राहिली

कोथरूड, वारजे किंवा बाणेरच्या एखाद्या फ्लॅटमधली किचन ट्रॉली उघडली की साधारण एकच दृश्य दिसतं. पुढे रोजचे डबे, मागे रबर लावलेल्या अर्धवट पिशव्या, साबुदाण्याची दोन-तीन पाकिटं, कुणीतरी सांगितलं म्हणून आणलेलं नाचणीचं पीठ आणि तळाशी मुदत संपलेलं काहीतरी. हे आवरायचं म्हणून एकसारख्या पारदर्शक बरण्या येतात, त्यांना लेबलं लागतात. काही महिने जातात आणि पाकिटं पुन्हा बरण्यांच्या मागे जाऊन बसतात. कारण विचारलं तर जागा नाही किंवा वेळ नाही असं उत्तर मिळतं. मला ते अपुरं वाटतं. पुण्यातल्या घरांत धान्य कसं भरलं जायचं आणि कसं संपवलं जायचं हे पाहिलं, तर या पसाऱ्याचं मूळ बरंच मागे सापडतं.

पेठांमधल्या मोठ्या वाड्यांत स्वयंपाकघराजवळ कोठीची खोली असे. मराठ्यांच्या राज्यकारभारात बारा महालांपैकी कोठी हा एक महाल होता आणि त्यावर कोठावळा नेमलेला असे. खात्यापित्या घरांत हीच व्यवस्था लहान प्रमाणात चाले, फक्त तिथला अधिकार घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे आणि तिच्या कमरेच्या किल्ल्यांकडे असे. खोली अंधारी, थंड, जाड भिंतींची. कामट्यांच्या, शेणमातीनं लिंपलेल्या कणग्यांत गहू-ज्वारी, रांजणांत तांदूळ, उतरंडीच्या मडक्यांत डाळी-कडधान्यं, चिनी मातीच्या बरण्यांत दादरा बांधलेली लोणची, फडताळात मसाले. दूध-दुभतं शिंक्यावर किंवा जाळीच्या कपाटात, आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत.

हे सगळं वर्षाचं असे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात गहू निवडून, वाळवून भरायचा, तिखट-हळद कुटून घ्यायची, गोडा मसाला करायचा, चिंच फोडून मीठ लावून गोळे करून ठेवायचे. कुरडया, सांडगे, पापड, भरल्या मिरच्या गच्चीवर. मृगाचा पाऊस लागायच्या आत सगळं आत. साठवण आणि पाऊस यांचं हे गणित पक्कं होतं, कारण पावसाळ्यात रस्ते बंद, बाजारात माल कमी आणि भाव चढे. पीक हाती आलं की घ्यायचं आणि पुढच्या पिकापर्यंत पुरवायचं.

आजच्या ‘आवराआवरी’च्या चर्चेत एक गोष्ट कायम सुटते. नवा गहू यायच्या आधी कणगी रिकामी होत असे. नवं धान्य जुन्यावर ओतायचं नाही हा नियम होता. तळाचा गहू काढून आधी वापरायचा, मग कणगी झाडायची, तिला ऊन दाखवायचं, भेगा लिंपायच्या आणि कडुलिंबाचा पाला घालून नवं धान्य भरायचं. त्यामागे धार्मिक काही नव्हतं. टोका म्हणजे धान्यातला सोंडकिडा. त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून ते बुजवून टाकते, त्यामुळे वरवर स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातून महिना-दीड महिन्यानं किडे बाहेर पडतात. जुन्या दाण्यांतले चार किडे नव्या पोत्याला पुरतात. म्हणून कणगी वर्षातून एकदा मोकळी करणं भाग होतं. डाळी-कडधान्यांना एरंडेलाचा हात लावायचा तोही असाच विचार करून, कारण तेलाच्या थरामुळे भुंगेऱ्याची अंडी दाण्यावर टिकत नाहीत. मूग-मटकी राखेत घोळून ठेवत, तिखटात हिंगाचा खडा टाकत.

शिवाय जुनं म्हणजे टाकाऊ अशी सरसकट समजूतही नव्हती. आंबेमोहोर वर्षभर मुरलेला बरा, कारण नव्या तांदळाचा भात चिकट होतो. चिंचही जुनी चालते. उलट तिखट आणि मसाला वर्षापलीकडे गेला की वास सोडतो. कशाला किती आयुष्य आहे ही माहिती बाईच्या डोक्यात असे, आणि तीच लेबलाचं काम करी.

या कष्टांचं गुणगान मला करवत नाही. निवडणं, पाखडणं, वाळवणं, रोज संध्याकाळी गच्चीवरून खाली आणणं हे सगळं घरातल्या बायकांनी केलं, बऱ्याचदा आश्रित विधवा आत्या-मावश्यांनी, बिनमोल. ते गेलं हे चांगलंच झालं. पण त्या कष्टांबरोबर रिकामं करण्याचा दिवसही गेला, आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

कोठीची खोली मात्र त्याआधीच जाऊ लागली होती. शहरात माणसं वाढली तशी वाड्यांची बिऱ्हाडं झाली, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वर्षाचा गहू कॉटखाली आणि माळ्यावर गेला. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आलं, मुंबईत १९४३ मध्ये. वर्षाचं भरण्याऐवजी धान्य मापून, कार्डावर मिळू लागलं. पुढे साठच्या दशकातला अमेरिकेचा आयात गहू आणि १९७२ चा दुष्काळ. या वर्षांतून गेलेल्या पिढीच्या तोंडी ‘असू दे घरात, लागेल कधीतरी’ हे वाक्य बसलं, आणि ते पुढच्या दोन पिढ्यांनी उचललं.

पुण्यापुरता मोठा घाव १२ जुलै १९६१ चा. पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, आणि मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं. जुलैचा दुसरा आठवडा म्हणजे कोठ्या वर्षभरात सर्वांत भरलेल्या असण्याचा काळ. वर्षाचं धान्य एका दिवसात चिखल झालं. पुराच्या बातम्यांत पडलेले वाडे आणि वाहून गेलेले पूल येतात, पण भिजून कुजलेल्या गव्हाच्या पोत्यांचं नुकसानही घरोघरी तेवढंच खरं होतं. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत वसाहती उभ्या राहिल्या. त्या घरांत वाड्यासारखी कोठी नव्हती. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९६२ पासून, किलो सक्तीचा झाला आणि पायली-शेराचा हिशेब मागे पडला. तांदूळ मोजायचं मापटं तेवढं डब्यात राहिलं.

त्याच दशकात पिंपरी-चिंचवडला कारखाने वाढले आणि महिन्याच्या पगारावर चालणारी घरंही वाढली. पगार महिन्याचा, म्हणून वाण्याची यादीही महिन्याची. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं. काय लागणार हे आधी ठरवून खरेदी करणं हा ग्राहक चळवळीनं मध्यमवर्गाला दिलेला धडा पसाऱ्यावरही चांगला उपाय होता. ठरवून आणलेलं सामान संपतं.

तरीही मे महिन्यात भुसार बाजारातून गव्हाचं पोतं आणण्याची सवय सुटली नाही. माणशी महिन्याला चार किलो धरले तर पाच माणसांच्या घराला वर्षाला २४० किलो गहू लागतो. एवढा गहू फ्लॅटमध्ये ठेवायचा कुठे? पत्र्याचं पिंप आलं, मग स्टीलची कोठी आली. तेलाच्या १५ किलोच्या रिकाम्या डब्याला झाकण बसवून घ्यायचं आणि त्यात डाळी भरायच्या. तुळशीबाग आणि रविवार पेठेतून स्टीलचे उतरते डबे आले. लग्नामुंजीत आहेर म्हणून भांडी येत ती नाव घालून: कुणाकडून, कशाप्रीत्यर्थ, तारीख. टिंबाटिंबांनी कोरलेली ती अक्षरं झाकणावर आजही वाचता येतात, आणि त्यामुळेच तो डबा कुणाला देता येत नाही. मुंजीचा मुलगा पन्नाशीला आला तरी डबा माळ्यावर असतो.

घरातून वस्तू बाहेर जाण्याची एक चांगली सोय तेव्हा होती, ती बोहारणीची. जुने कपडे घेऊन भांडं देणारी ही बाई दुपारी दारात बसे, घासाघीस चाले आणि कपाट हलकं होई. मात्र कपाट रिकामं झालं की स्वयंपाकघरात एक भांडं वाढे. रद्दीवाला डबे-बाटल्या नेई. कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि या कामाला संघटित रूप मिळालं, पण अर्धं भरलेलं बेसनाचं पाकीट त्यांच्याही उपयोगाचं नाही.

नव्वदीनंतरच्या इमारतींत कोठीच्या खोलीचं उरलंसुरलं काम पुणेकरांनी ड्राय बाल्कनीवर ढकललं. वॉशिंग मशीन, गॅसचा रिकामा सिलिंडर, कांदे-बटाट्याची टोपली आणि त्यांच्याशेजारी गव्हाची कोठी. ओल आणि ऊन दोन्ही तिथेच, म्हणजे धान्यासाठी घरातली सर्वांत वाईट जागा. कोठीघर अंधारं आणि कोरडं ठेवण्यामागचा सगळा विचार इथे उलटा झाला.

मग पाकिटं आली. २००२ मध्ये आशीर्वाद आटा बाजारात आला, त्याच वर्षी डी-मार्टचं पहिलं दुकान मुंबईत पवईला निघालं. एकावर एक फुकट घेताना मागच्या पिढीची धास्ती आणि नव्या पिढीचा पैसा एकाच पिशवीत येऊन बसले. जुलै २०२० मध्ये पुण्यात दहा दिवसांचा कडक लॉकडाऊन लागला, तेव्हा तर पुन्हा दुष्काळी वर्षांसारखं भरलं गेलं. आता दहा मिनिटांत दारात सामान येतं, तरी साठवण कमी झालेली नाही.

या सगळ्यानंतर वर्षाचं म्हणून घरात ठेवण्यासारखं फार थोडं उरतं. मेमध्ये शेतकऱ्याकडून थेट घेतलेला गहू, मावळातला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, चिंच, हळद, तिखट, मसाला, लोणचं. कुरडया-पापड आता बचत गटांच्या बायका करतात आणि भीमथडी जत्रेत लागेल तेवढे, पाव किलोसुद्धा, मिळतात. डाळी, रवा, बेसन, पोहे, साबुदाणा महिन्याच्या पलीकडे ठेवण्याचं कारण उरलेलं नाही. वर्षाच्या जिनसांना एक उंच, कोरडं कपाट पुरतं आणि ते नवा गहू यायच्या आठवड्यात पूर्ण रिकामं करावं. महिन्याच्या जिनसांची ट्रॉली नवी यादी लिहायला घेण्याआधी तपासावी, म्हणजे मागच्या रांगेतलं साबुदाण्याचं पाकीट त्या यादीत पुन्हा लिहिलं जाणार नाही.