सेफ्टी ऑफिसर व्हायचंय? आधी अनुभवाचा दाखला बघा, मग कोर्सची फी भरा

माझा भाचा कळव्याला राहतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, दीड वर्षापासून रबाळ्याला एका कंपनीत आहे. मागच्या रविवारी घरी आला आणि म्हणाला, मामा, ठाणे स्टेशनजवळ एक क्लास आहे, तीन महिन्यांत सेफ्टी ऑफिसरचा डिप्लोमा देतात, भरू का पैसे? म्हटलं आधी चहा पी, पैसे खिशातच ठेव. त्याला जे तासभर सांगत बसलो तेच इथे टाकतोय, कारण महापे, तुर्भे, तळोजा, वागळे इस्टेट, सगळीकडची पोरं हाच प्रश्न विचारतात आणि बरीचशी पैसे भरून झाल्यावर विचारतात.

पहिली गोष्ट म्हणजे फॅक्टरीतला सेफ्टी ऑफिसर ही नुसती कंपनीने दिलेली पोस्ट नाही, ती कायद्यातली पोस्ट आहे. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ४०-ब मध्ये १००० किंवा जास्त कामगार असले तर ऑफिसर नेमायचा असं होतं, धोकादायक प्रोसेस असेल तर सरकार त्याहून लहान कारखान्यालाही सांगू शकायचं. आता २०२० चा नवीन कोड, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचा आणि आरोग्याचा नवा कायदा, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय, त्यात आकडा ५०० वर आला, धोकादायक प्रोसेसला २५०, बांधकाम साइटलाही २५०. म्हणजे जागा वाढायला वाव आहे. पण जागा वाढल्या म्हणून कोणालाही घेतील असं नाही.

पात्रता कुठून येते तर महाराष्ट्राच्या १९८२ च्या सेफ्टी ऑफिसर नियमांमधून, आणि जाहिरातींमधली भाषा अजून तीच असते. इंजिनिअरिंगची डिग्री असेल तर फॅक्टरीत सुपरवायझर लेव्हलचा २ वर्षांचा अनुभव. डिप्लोमा असेल तर ५ वर्षं. फिजिक्स किंवा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी असेल तरी ५ वर्षं, बीएस्सी आयटीवाल्यांनी इथे उगाच आशा लावू नका. याच्यावर सरकारमान्य इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा किंवा डिग्री पाहिजे, आणि बहुसंख्य कामगार जी भाषा बोलतात ती नीट यायला पाहिजे. ही शेवटची अट लोक वाचतच नाहीत, पण आपल्यासाठी ती फायद्याची आहे राव, सकाळी सातला टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू करण्याआधीची सुरक्षेची छोटी बैठक, मराठी-हिंदीत घ्यायची असते तेव्हा इंग्रजी पीपीटी काही कामाची नसते.

नुसतं आयटीआय असेल तर या नियमात थेट बसत नाही, पण दार बंद आहे असंही नाही, शटडाउनच्या कामात, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चालते तेव्हा, फायर वॉचर (आगीवर नजर ठेवणारा), सेफ्टी स्टुअर्ड (सेफ्टीचा मदतनीस) म्हणून बरीच पोरं लागतात, तिथून काम शिकत शिकत डिप्लोमा पूर्ण करणारे मी पाहिलेत.

आता कोर्स. एक म्हणजे सायनचं सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट, केंद्र सरकारचं, तिथला एक वर्षाचा फुल टाइम डिप्लोमा ज्याला आपण सगळे अजून अॅडिसच (अॅडव्हान्स्ड डिप्लोमा इन इंडस्ट्रियल सेफ्टी) म्हणतो. दुसरं म्हणजे एमएसबीटीईला, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाला, जोडलेल्या संस्थांमधला डिप्लोमा. क्लासवाल्याने 'गव्हर्मेंट रेकग्नाइज्ड' सांगितलं की लगेच विचारा, एमएसबीटीईचा इन्स्टिट्यूट कोड काय, आणि घरी येऊन बोर्डाच्या साइटवर तो टाकून बघा. भाच्याने माझ्यासमोरच त्या क्लासला फोन लावला, पलीकडची मॅडम म्हणाली सर आमचं सर्टिफिकेट आयएसओ आहे. आयएसओ म्हणजे बोर्डाची मान्यता नव्हे. झालं मग.

बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिल आहे, १९६६ साली ४ मार्चला सुरू झालं म्हणून तर आपण ४ मार्चला सेफ्टी डे करतो, बॅज लावतो, शपथ घेतो. तिथे ट्रेनिंग चांगलं मिळतं, पण दोन-तीन दिवसांचा कोर्स आणि नियमातला डिप्लोमा यात गल्लत करू नका. नेबॉश या ब्रिटिश सेफ्टी सर्टिफिकेटचंही तसंच, गल्फला जायचं असेल तर त्याला वजन आहे, पण इथल्या फॅक्टरीत कायद्याने ऑफिसर म्हणून उभं राहायला तेवढं पुरत नाही.

कोर्सच्या प्रवेशाला लागणाऱ्या कागदपत्रांत दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डिप्लोमा-डिग्रीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, आधार, फोटो हे सगळ्यांकडे असतंच. जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेयर लागणार असेल तर आपले सरकारवर आधीच अर्ज टाका, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर रुसतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत जोडा. कंपनी पाठवत असेल तर लेटरहेडवर स्पॉन्सरशिप पत्र. बाकी त्या वर्षीचं माहितीपत्रक म्हणेल ते.

खरी मारामारी अनुभवाच्या दाखल्याची. माझंच सांगतो. मी मेंटेनन्सला होतो, नाईटला १४ जणांची शिफ्ट सांभाळायचो, पर्मिटवर, म्हणजे धोक्याचं काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर, सही माझी असायची, पण एचआरने पत्रात लिहून दिलं 'टेक्निशियन म्हणून काम केले, वागणूक चांगली'. प्रवेशाच्या काउंटरवरच्या बाईंनी पत्र वाचलं, चष्मा खाली केला आणि विचारलं, यात सुपरवायझर कुठंय? परत पाठवलं. तोवर एचआरचा माणूस बदललेला, नवीन साहेब म्हणे जुन्या रेकॉर्डमध्ये तुमचं पद टेक्निशियनच आहे. पर्मिटच्या जुन्या कॉप्या, शिफ्ट रोस्टर, ट्रेनिंगच्या हजेरीवर माझी सही, हे सगळं फाइल करून दाखवलं तेव्हा दोन महिन्यांनी नवीन पत्र मिळालं, आणि त्या वर्षीची प्रवेशाची तारीख गेली ती गेलीच.

म्हणून नोकरीत असतानाच पद सुधारून घ्या. पत्रात पद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हाताखाली किती माणसं, कुठला विभाग आणि काय काम हे स्पष्ट पाहिजे, फॅक्टरी लायसन्सचा नंबरही टाकून घ्या, विचारला तर परत हेलपाटा नको. ठेकेदाराच्या पेरोलवर असाल तर जास्तच सांभाळा, पत्र ठेकेदाराचं आणि काम दुसऱ्याच्या फॅक्टरीत, मग दोघंही हात वर करतात.

इंटरव्ह्यूला कलमं पाठ असून भागत नाही. मला विचारलं होतं, टाकीत माणूस उतरवायचाय, गॅस डिटेक्टर ऑक्सिजन १९ टक्के दाखवतोय, सोडाल का? नाही सोडणार, बाहेरच्या हवेत २०.९ असतो, १९.५ च्या खाली आला की पर्मिट नाही, आधी ब्लोअर लावायचा, परत वर-मध्ये-खाली तीन जागी मोजायचं, आणि कमी का झाला ते शोधायचं. मग पुढचा प्रश्न, प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला दहा मिनिटांचं काम आहे, तर? तिथे मी जरा अडखळलो होतो, खरं सांगतो. काम थांबवायचं आणि वर कळवायचं, एवढंच उत्तर होतं, पण डोंबिवलीच्या केमिकल कारखान्यांतले २०१६ आणि २०२४ चे स्फोट ज्या भागात ऐकू गेलेत तिथला माणूस हे विचारणारच.

भाच्याचं गणित असं निघालं की डिप्लोमा आहे म्हणजे ५ वर्षं, त्यातलं ट्रेनी म्हणून गेलेलं दीड वर्ष सुपरवायझरमध्ये धरतील असं मानून चालू नको. आधी लाइन इन्चार्जची जबाबदारी लेखी घे, निदान ईमेलवर, कोर्सचं मग बघू. त्याने मोबाइलमध्ये सगळं टाइप करून घेतलं आणि शेवटी विचारलं, मामा, पत्रावर शिक्का गोल लागतो का चौकोनी? म्हटलं बाबा, वाचता आला तरी पुष्कळ.