व्हर्च्युअल मशीनला होस्टचा ड्राइव्ह जोडण्यापूर्वी

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा संगणक, सुरू झालं की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: "बाहेरचा डी ड्राइव्ह आत दिसत नाही, तेवढा जोडून द्या ना." मागणी अगदी रास्त आहे. पण 'जोडणं' दोन प्रकारचं असतं. एकात फाइल सुखरूप राहतात, दुसऱ्यात डिस्कचा कधी खुर्दा होतो ते कळतही नाही. म्हणून हे पत्रक.

एका डिस्कला एकच मालक

कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे आणि कुठली जागा मोकळी आहे, याचा हिशेब ऑपरेटिंग सिस्टिम ठेवते. त्यातला बराचसा ती रॅममध्ये ठेवून काम करते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. एनटीएफएस असो, ईएक्सटी४ असो की एक्सफॅट, या सगळ्या फाइल सिस्टिमनी (डिस्कवर फाइल मांडण्याच्या पद्धतींनी) एक गोष्ट धरूनच ठेवली आहे: डिस्कला हात लावणारे आपण एकटेच.

आता तीच डिस्क होस्टवरही (बाहेरच्या खऱ्या संगणकावर) चालू आहे आणि गेस्टलाही (आतल्या व्हर्च्युअल मशीनला) थेट दिली आहे, असं समजा. दोघांच्या वह्या वेगळ्या. होस्टने मोकळी समजून एका जागी फोटो लिहिला, गेस्टच्या वहीतही ती जागा मोकळीच, म्हणून त्याने तिथेच दुसरी फाइल लिहिली. एररही येत नाही. काही दिवस सगळं सुरळीत वाटतं आणि मग एखादा फोल्डर उघडेनासा होतो.

"आत नुसतं वाचायचंय, लिहायचं नाही," असं म्हटलं तरी सुटका नाही. होस्टने केलेले बदल गेस्टला कळत नाहीत, तो जुन्याच हिशेबाने वाचत राहतो. शिवाय ईएक्सटी४ 'रीड-ओन्ली' (फक्त वाचण्यापुरतं) माउंट केलं, म्हणजे जोडलं, तरी जर्नलमधली (बदलांच्या नोंदवहीतली) अर्धवट कामं पुरी करायला ते डिस्कवर लिहू शकतं, हे अनेकांना माहीत नसतं.

दोन मशीनांनी एकच डिस्क एकाच वेळी वापरावी यासाठी जीएफएस२, ओसीएफएस२ यांसारख्या खास फाइल सिस्टिम आहेत. त्या सर्व्हरच्या कामाच्या. टेबलावरच्या एका पीसीसाठी तो खटाटोप करू नका.

मग द्यायचं कसं?

डिस्क होस्टकडेच ठेवा आणि गेस्टला फक्त फोल्डर दाखवा, म्हणजे 'शेअर्ड फोल्डर' द्या. गेस्टने फाइल मागायची, लिहिण्या-वाचण्याचं काम होस्टने करायचं. हिशेबाची वही एकच राहते.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी आत 'गेस्ट ॲडिशन्स' बसवावी लागतात, व्हीएमवेअरमध्ये 'व्हीएमवेअर टूल्स'. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स गेस्ट असेल तर फोल्डर दिसतो, पण उघडताना परवानगी नाकारली जाते. अशा वेळी तुमचा युजर 'व्हीबॉक्सएसएफ' या ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) वापरणाऱ्यांसाठी 'व्हर्टिओ-एफएस' उत्तम. लिनक्स कर्नल ५.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, ते उपलब्ध आहे. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या अशाच सॉफ्टवेअरवर आम्ही सरळ नेटवर्क शेअर सुचवतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट जोडणीतही (गेस्ट होस्टच्या आडून नेटवर्कवर जातो ती) नेटवर्क शेअर चालतो. तिथे गेस्टला होस्ट सहसा १०.०.२.२ या पत्त्यावर सापडतो.

शेअर्ड फोल्डरमध्ये डेटाबेस मात्र ठेवू नका. फाइल लॉक करण्याची त्याची शिस्त तिथे नीट पाळली जाईलच असं नाही. डेटाबेस गेस्टच्या स्वतःच्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवा. हजारो बारीक फाइल असलेले प्रोजेक्टही तिथेच बरे, कारण शेअर्ड फोल्डरमध्ये ते रखडतात.

आणि गेस्टमध्ये अनोळखी सॉफ्टवेअर तपासणार असाल, तर फोल्डर 'रीड-ओन्ली' द्या. आत शिरलेलं रॅन्समवेअर लिहिण्याची मुभा असलेला फोल्डरही एन्क्रिप्ट करतं, मग तो होस्टवर असला तरी.

अख्खी डिस्कच द्यायची असेल तर

कधी कधी ते योग्यही असतं, उदाहरणार्थ होस्ट विंडोजचा आणि डिस्क लिनक्सची. यूएसबी डिस्क असेल तर ती आधी होस्टवरून इजेक्ट करा आणि मग गेस्टला द्या. ती होस्टवरून नाहीशी होते. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. आतली डिस्क देताना हायपर-व्ही ती होस्टवर 'ऑफलाइन' (होस्टने वापरातून सोडलेली) असल्याशिवाय घेतच नाही. आम्हाला हा हट्ट आवडतो. इतर सॉफ्टवेअर वापरतानाही ती आधी ऑफलाइन करा. होस्ट ज्या डिस्कवरून सुरू होतो, तिचं पार्टिशन कधीच देऊ नका.

सगळ्यात फसवी चूक 'सेव्ह स्टेट'ची. डिस्क जोडलेली असताना मशीन बंद न करता सेव्ह केलं, डिस्क होस्टवर वापरली आणि मग मशीन पुन्हा चालू केलं, की गेस्ट कालच्याच वहीने आज लिहू लागतो. एकाच वेळी दोघांनी डिस्क वापरली नव्हती, तरी ती बिघडते. म्हणून डिस्क काढण्यापूर्वी गेस्ट पूर्ण शटडाउन करा. गेस्ट विंडोज असेल तर 'फास्ट स्टार्टअप'ही बंद ठेवा, कारण त्यात शटडाउन करूनही विंडोज पूर्ण बंद होत नाही. स्नॅपशॉटवर (मशीनच्या एका क्षणाच्या जतन केलेल्या स्थितीवर) विसंबू नका, कारण तो मागे नेला तरी शेअर्ड फोल्डरमधली पुसलेली फाइल परत येत नाही. त्या डेटाचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो.

गडबड झालीच तर

दोन्हीकडून डिस्क लगेच सोडवा. विंडोजचं डिस्क-दुरुस्तीचं साधन चेकडिस्क चालवण्याचा मोह आवरा. दुरुस्तीच्या नादात ते उरलेल्या खुणाही पुसू शकतं. आधी दुसऱ्या डिस्कवर सेक्टर-टू-सेक्टर प्रत काढा आणि जे काही प्रयोग करायचे ते त्या प्रतीवर करा. प्रत काढायला दुसरी डिस्क नसेल, तर मूळ डिस्क चालू न करता तशीच आमच्याकडे आणा.