सड्यावरचा वारा आणि गच्चीवरचा वारा

ठाण्यात घोडबंदर रोडला पंचविसाव्या-तिसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला वाऱ्याचं वेगळं काही सांगावं लागत नाही. दारं आपटतात, कुंड्या कलंडतात, वाळत घातलेली चादर चिमट्यांसकट उडते. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतोच: साताऱ्याकडे डोंगरावर एवढ्या पवनचक्क्या फिरतात, तर आपल्या गच्चीवर छोटी एखादी का बसवू नये? विचार चांगला आहे, म्हणूनच कोटेशन मागवण्याआधी एक फरक नीट समजून घ्यायला हवा. दोन्हीकडे वाराच वाहतो, पण टर्बाइनसाठी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळ. पाटण तालुक्यातलं वनकुसवड्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंच आहे. नैऋत्येचा वारा सह्याद्री चढताना दाटतो आणि माथ्यावर त्याचा वेग वाढतो. त्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा साधारण १० टक्के विरळ असते, त्यामुळे तेवढी ताकद कमी होते. पण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग जेमतेम ४ टक्के वाढला तरी ती तूट भरून निघते. शिवाय माथ्यावर उंच झाडं नाहीत, इमारती नाहीत. वारा तासन्‌तास एका दिशेने, सलग येतो. वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्येच मिळतो, तो यामुळेच.

पण सड्यावरही वाटेल तिथे पवनचक्कीचा टॉवर उभा करून चालत नाही. पाटणजवळच्या सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहिलेल्यांना आठवेल: पाणी कड्यावरून दरीत पडण्याऐवजी तुषार होऊन वर, माथ्याकडे उडतं. पाहणाऱ्याला त्यात वाऱ्याचा जोर दिसतो, टॉवरची जागा ठरवणाऱ्याला कोन दिसतो. कड्याच्या धारेवर वारा खालून वर येतो, आणि मोठी टर्बाइन साधारण ८ अंशांपर्यंतच्या तिरप्या वाऱ्यासाठी बनवलेली असते. त्याहून तिरपा वारा आला की प्रत्येक फेरीत पात्यावरचा भार वर-खाली होतो. पात्याची मुळं, बेअरिंग, गिअरबॉक्स लवकर थकतात. धारेच्या लगेच मागे तर हवा जमिनीपासून सुटते आणि तिथे भोवरा तयार होतो. म्हणून टॉवर धारेपासून आत घेतात. पठार मागे दूरवर पसरलेलं असल्याने वाऱ्याला पुन्हा जमिनीला धरून सरळ व्हायला जागा मिळते.

गच्चीचं नेमकं इथेच अडतं. तीस मजली टॉवर म्हणजे वाऱ्याच्या दृष्टीने उभा कडाच. समोरच्या भिंतीवर आपटलेली हवा वर चढते, पॅरापेटवरून, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरून, सुटते आणि स्लॅबवर भोवरा घालते. पण या कड्यामागे पठार नाही. वीस-पंचवीस मीटरवर गच्ची संपते, मध्ये लिफ्टची खोली आणि पाण्याच्या टाक्या. वाऱ्याला सरळ व्हायला जागाच नसते. बाल्कनीच्या कोपऱ्यात जाणवतो तो जोर खरा, पण तो इमारतीला वळसा घालणारा झोत आहे.

ठाण्याची आणखी एक अडचण म्हणजे येऊरचे डोंगर शहराच्या पश्चिमेला आहेत. पावसाळी वारा ते ओलांडून आधीच विस्कटलेला येतो. नवी मुंबईत उलटं आहे, पारसिकची रांग पूर्वेला. तिच्या पायथ्याशी येता येता वारा मंदावतो. सीवूड्स, नेरूळच्या खाडीकडच्या इमारतींना त्यातल्या त्यात मोकळा वारा मिळतो, मात्र खारी हवा बोल्ट आणि जोडण्या गंजवते.

आता आकडे बघू. ३ मीटर व्यासाचा रोटर (फिरणाऱ्या पात्यांचं चक्र), कार्यक्षमता ३० टक्के धरली, तर सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात सुमारे २६५ वॅट मिळतात. वेग निम्मा, म्हणजे ३ मीटर झाला, की फक्त ३३ वॅट. बरीच छोटी यंत्रं याच वेगाला कुठे फिरायला लागतात. यावर कुणी म्हणेल, झोत तर १० मीटरचा येतो. बरोबर आहे, झोतात ऊर्जा खरोखर जास्त असते. पण तो काही सेकंदांचा आणि दर वेळी नव्या दिशेचा. यंत्राला वाऱ्याकडे वळवणारी मागची शेपटी वळून रोटर समोर येईपर्यंत झोत निघून गेलेला असतो. वीज हाती लागत नाही, झटके मात्र सगळे बसतात. हे झटके खांबातून स्लॅबमध्ये उतरतात: वरच्या मजल्यावर घरघर ऐकू येते, बोल्टभोवतीचं वॉटरप्रूफिंग सुटतं आणि पहिल्याच पावसात गळती सुरू होते. ब्रिटनमधल्या वॉरिक विंड ट्रायल्सच्या २००९ च्या अहवालात इमारतींवरच्या छोट्या टर्बाइननी बंद काळ धरून क्षमतेच्या सरासरी ०.८५ टक्केच वीज दिली होती.

आपली गच्ची तपासायची असेल तर ६ मीटरचा जीआय पाइप घ्या. १, ३ आणि ६ मीटरवर जुन्या ओढणीच्या हातभर पट्ट्या बांधा. वाऱ्याच्या दिवशी पाइप आधी पॅरापेटजवळ, मग गच्चीच्या मध्यभागी पक्का बांधून अर्धा-अर्धा तास बघा. खालची पट्टी वरचीच्या उलट दिशेला उडत असेल, किंवा गोल फिरत असेल, तर तिथे भोवरा आहे. पट्ट्या समांतर आणि स्थिर राहिल्या तरच ठरलेल्या उंचीवर लॉगरवाला ॲनिमोमीटर (नोंदी साठवणारा वेगमापक) लावून वर्षभर नोंद घ्या. निदान पावसाळा आणि हिवाळा तरी हवाच. दर दहा मिनिटांची सरासरी आणि प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती वर-खाली होतो त्याचं माप), दोन्ही लिहून ठेवा. विचलनाला सरासरीने भागल्यावर जोरदार वाऱ्यातही १८ टक्क्यांच्या वर आकडा येत असेल तर जागा सोडून द्या. छोट्या टर्बाइनचं आंतरराष्ट्रीय मानक तेवढाच गोंधळ गृहीत धरतं. मोबाइलवरच्या हवामान ॲपचा वेग इथे उपयोगाचा नाही, तो तुमच्या गच्चीचा नसतो.

एवढं करून जागा पास झालीच, तर कोटेशनमधला ‘१ किलोवॅट’ हा आकडा बाजूला ठेवा. तो बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा असतो. ५ मीटरच्या वार्षिक सरासरीला वर्षाला किती युनिट, हे लेखी घ्या आणि शेजारी १ किलोवॅट सोलरचे दिवसाचे साधारण ४ युनिट लिहून दोन्ही कमिटीपुढे ठेवा. लाइट गेल्यावर टर्बाइन मोकळी सुटू नये म्हणून ब्रेक किंवा डंप लोड (तयार होणारी वीज जिरवणारा भार) आहे का, हेही त्याच कागदावर हवं.